वाटाण्याएवढा बुडबुडा

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळल्याने गल्लीची विहीर सहा वर्षे बंद होती. दूषित माती उपसून झाली होती. लागोपाठ चार तपासण्यांत पाणी स्वच्छ निघाले की विहीर उघडायची, असे ठरले होते. नमुने माझी मुलगी घेते आणि मी ते प्रयोगशाळेत तपासतो.

चौथा अहवालही स्वच्छ आला. गल्लीत राहणारी माझी बहीण कळशी घासायला बसली. मुलीने मात्र अहवाल माझ्या टेबलावर परत ठेवला.

"बाबा, हा बाद करा. भरल्यावर बाटली उलटी करून बघायची राहिली माझ्याकडून. त्याच वेळी भरून फ्रिजमध्ये ठेवलेल्या जोडीच्या बाटलीत बुडबुडा आहे."

"केवढा?"

"वाटाण्याएवढा. पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यातून उडून त्यात जातं. मग पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं."

संध्याकाळी घरी हे ऐकून बहीण म्हणाली, "सहा वर्षं थांबले, आता हिचा बुडबुडा आडवा आला. दादा, तुझ्यावरच गेलीय ही."

"आत्या, उद्या तूच चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी आत्यानेच बाटली उलटी धरली, टिचकी मारली आणि डोळे बारीक करून बुडबुडा शोधला. तो नव्हता. अहवाल पुन्हा स्वच्छ आला.

विहीर उघडली तेव्हा बहीण शेजारणींना सांगत होती, "आधीचाही चांगलाच होता हो. आमच्या पोरीनं फाडायला लावला."

अहवाल फाडला नव्हता, बाद केला होता. एरवी मी चूक सुधारली असती. त्या दिवशी गप्प राहिलो.