विषम तारखांची सुट्टी

एसटीत मी तेहेतीस वर्षं गाडी चालवली. दिग्रस डेपो. बिल्ला नंबर अजून पाठ आहे, पण विचारू नका, सांगत बसेन. आता पुण्यात, कसबा पेठेत, रोज सकाळी आठ वाजता मी गल्लीच्या एका कडेची गाडी दुसऱ्या कडेला नेऊन लावतो. तेवढंच माझं ड्रायव्हिंग.

गाडी माझीच आहे. निवृत्तीच्या पैशांतून हौसेनं घेतली, मुलगी आणि जावई यांना फिरवीन म्हणून. अपेक्षा आणि दत्तप्रसाद दोघंही आयटीत. कंपनीची बस त्यांना चौकातून उचलते आणि चौकात सोडते, रविवारी दोघं झोपतात. गाडी दोघांनाही येत नाही. जावयानं ड्रायव्हिंग क्लास दोनदा लावला आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी घाम पुसत घरी आला. त्यात मागच्या वर्षी माझं बायपास झालं आणि डॉक्टरांनी हायवे बंद केला. "गल्लीपुरती चालवा," म्हणाले. त्यांनी विनोद केला असावा. मी तो रोज पाळतोय.

आमच्या इमारतीला पार्किंग नाही. गल्लीत दोन पाट्या आहेत, एका कडेला पी-वन, समोर पी-टू. एसटीवाल्याला पी म्हणजे प्लॅटफॉर्म. एक नंबरवर जागा दिसली तर एकवर लावावी, नाहीतर दोनवर, असा सरळ हिशेब करून मी पहिल्याच आठवड्यात, चार तारखेला, पी-वनखाली गाडी लावली आणि पोहे खायला वर गेलो. खाली आलो तेव्हा क्रेन माझी गाडी मागे अडकवून कोपऱ्यावर वळत होती.

तळमजल्यावरच्या आनंदीबाई खिडकीत होत्या. त्या खिडकीतच असतात. म्हणाल्या, "अहो, पाट्या वाचायला लावल्यात. शोभेच्या असत्या तर जरा बऱ्या रंगवल्या असत्या." मग त्यांनीच नियम समजावून दिला. विषम तारखेला सगळ्या गाड्या पी-वनकडे, सम तारखेला पी-टूकडे. सकाळी आठ ते नऊ सगळी गल्ली इकडून तिकडे होते. साडेनऊला क्रेन येते आणि कोण चुकलं ते बघते.

मी शिकलो. रोज आठला खाली, रोज बाजू बदल. महिना संपला, एक तारीख उजाडली आणि मी शहाण्यासारखी गाडी समोर नेली, कारण आदल्या दिवशी ती अलीकडे होती. दहा वाजता चाकाला जॅमर. आनंदीबाई म्हणाल्या की एकतीसनंतर एक येतो, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे तो अजूनही विषमच आहे.

अपमान झाला, पण त्यातून मला माझी सुट्टी सापडली. एकतीस आणि एक, दोन्ही विषम. म्हणजे एकतीसला सकाळी गाडी लावली की दोन तारखेच्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. असे महिने वर्षात सात. तेवढे सोडले तर मला दोन दिवस कुठे जाता येत नाही. कैद्यालासुद्धा पॅरोल मिळतो, असं मी एकदा जेवताना म्हणालो. कोणी हसलं नाही.

सप्टेंबरच्या दोन तारखेला दिग्रसहून भाच्याचा, संतोषचा फोन आला. त्यानं तो वेणूअक्काच्या कानाला लावला. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का चौदाची. तिनंच मला वाढवलं. डोळ्यांत काचबिंदू आहे, उशीर झालाय, आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "दिसून राह्यलं तोवर ये रे नागो. तुहं तोंड एकदा पाहू दे."

मी कॅलेंडर काढलं. एकतीस ऑगस्ट दोनच दिवसांपूर्वी गेला होता. सप्टेंबर तीसचा. पुढची सुट्टी एकतीस ऑक्टोबर, दोन महिन्यांनी.

अपेक्षाला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, उद्याच जा ना. गाडी उचलली तर उचलली, दंड भरू." दत्तप्रसादनं मोबाइलवर एक पे-अँड-पार्क शोधून दाखवलं, चार दिवस तिथं लावा म्हणाला. अपेक्षा हळूच असंही म्हणाली की गाडी विकून टाकली तरी चालेल. मी ताटावरून उठलो. परक्या माणसाच्या ताब्यात गाडी देणार नाही, तेहेतीस वर्षांत दिली नाही, असं बरंच काही बोललो. दिवाळीत सगळे मिळून जाऊ, असं शेवटी ठरलं. दिवाळीत त्या दोघांची रजा रद्द झाली.

गाडीसाठी थांबलो असं मी सगळ्यांना सांगत होतो. फोनवर संतोषलाही तेच सांगितलं. पण खरी भीती वेगळी होती. मी चार दिवस नसलो आणि कुणाचं काहीच अडलं नाही, तर मग त्या घरात मी कशासाठी होतो? सकाळी आठला किल्ली घेऊन जिना उतरताना मी कामाला निघालेला माणूस असतो. नऊ वाजता परत चढताना लेकीच्या घरातला पाहुणा होतो. मला ते आठ ते नऊ सोडवत नव्हते. रोज त्यांना शिव्या देत होतो आणि रोज त्यांच्यासाठी दाढी करत होतो.

सप्टेंबर गेला. दसरा गेला. संतोषचे फोन कमी झाले.

एकतीस ऑक्टोबरला सकाळी पी-वनकडे अगदी पाटीखाली जागा मिळाली. गाडी लावली, दारं दोनदा ओढून पाहिली आणि आनंदीबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती कुठं जाणार आहे? जायचंय तुम्हाला." संध्याकाळच्या बसनं निघालो. रात्रभर बसून एक तारखेला सकाळी दिग्रसला उतरलो. परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. दोन तारखेला आठच्या आत गल्लीत पोचायचं होतं.

स्टँडवर संतोष घ्यायला आला होता. मी अक्काचं विचारलं. त्यानं आधी माझी पिशवी घेतली, मग सांगितलं की दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली तेव्हा ती एकेकाला ओळखत होती. त्यानंतर नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

अक्का ओसरीवर बसली होती. अंगावर चांगलं लुगडं, केस विंचरलेले. मी येणार म्हणून कुणाकडून तरी करून घेतलेलं. मी समोर उभा राहिलो आणि ती संतोषच्या दिशेनं बघून हसली. तिनं हात पुढे केला, तो माझ्या शेजारून हवेतच गेला. मी तो धरून माझ्या तोंडावर ठेवला. तिनं दुसराही हात आणला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळं सावकाश चाचपलं. बायपासनंतर गाल बसले आहेत, तिथं तिची बोटं थांबली.

"वाळला रे," ती म्हणाली. "काय करून राह्यला होता एवढे दिवस?"

खोटं बोलता आलं असतं. आजारी होतो म्हटलं असतं तर तिनं लगेच मानलं असतं. पण तिच्यापुढे मला ते जमेना.

"गाडी चालवत होतो, अक्का. रोज."

तिचा चेहरा खुलला. मी पहिल्यांदा एसटीच्या स्टेअरिंगवर बसलो तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटणारी ती. तिला खरंच बरं वाटलं होतं.

"अजून चालवतो? बरं हाये," ती म्हणाली. "कुठवर जाते मंग तुही गाडी?"

तिचे दोन्ही हात माझ्या गालांवर होते. मला तोंड फिरवता आलं नाही.