तिकडचा एक तास

अमेरिकेतल्या आपल्या जुन्या विद्यापीठासाठी इथल्या मुलांची मुलाखत घेण्याचे त्यांना पैसे मिळत नसत, हे आधीच सांगितलेलं बरं; नाहीतर लोक उगाच भलता हिशेब मांडतात. मिळायचा तो दरवर्षी एक कप, विद्यापीठाचं चिन्ह असलेला आणि बहुतेक वेळा वाटेत कान तुटलेला. शिवाय प्रवेश कचेरीकडून आभाराचं एक पत्र. नाव तेवढं बदलून तेच पत्र जगभर जात असणार. खरी मिळकत तिसरीच होती. वर्षातून दोन-चार वेळा, हिवाळ्याच्या तोंडावर, एखादं सतरा वर्षांचं पोर इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसायचं आणि तासभर त्याला त्यांचं ऐकावंच लागायचं. मध्येच उठता येत नसे, जांभई देता येत नसे, विषय बदलता येत नसे. असा श्रोता त्यांना सगळ्या संसारात दुसरा मिळाला नव्हता.

कारखान्यात त्यांना 'तिकडचे' म्हणत. कारण त्यांचं कुठलंही वाक्य "तिकडे असं नसतं" इथून निघायचं. तरुणपणी चार वर्षं ते अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात शिकले. पुढेही तिथेच राहायचं ठरत होतं, तेवढ्यात वडील आजारी पडले म्हणून परत आले. वडील बरे झाले, ठणठणीत झाले, पण तोवर हे बायकोच्या भावाच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होऊन बसले होते. कारखाना बाटल्यांच्या झाकणांचा. झाकण फार घट्ट असेल तर म्हाताऱ्या हातांना उघडत नाही, सैल असेल तर पिशवीत गळतं. तिकडचे ते यंत्रावर फिरवून बघत, काठावरून नख फिरवत, आणि केसाएवढा जादा पापुद्रा लागला तरी अख्खा लॉट परत पाठवत. मेव्हणा डोक्याला हात लावायचा. "दाजी, झाकण आहे हो, जावई नाही निवडायचा!"

आणि हाच माणूस मुलाखतीला आलेल्या एकाही पोरात कधी दोष काढत नसे. हे बायकोच्या लक्षात आलं होतं. तिच्या लक्षात बरंच काही यायचं. बोलायची मात्र निवडक.

एक श्रोता आणखी होता, पण उभ्या-उभ्याचा. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरला असलेला तरुण. सहा वर्षांपूर्वी तोही दिवाणखान्यातल्या त्याच खुर्चीत बसून गेलेला. तिकडे काही झालं नाही; मग इथेच औषधशास्त्राची पदविका घेऊन तो गोळ्या मोजायला लागला. दर हिवाळ्यात रक्तदाबाच्या गोळ्या देताना विचारायचा, "सर, पडला का तिकडे बर्फ?"

"काल रात्री. पहिला." तिकडच्यांनी ते फोनवर आधीच बघून ठेवलेलं असे.

"आणि नदी?"

"नदीला वेळ आहे अजून. जानेवारी उजाडेल."

तो मान डोलवायचा, जणू त्याचीच नदी. आणि तिकडचे घरी येताना इंचभर उंच होऊन यायचे.

त्या वर्षी अर्ली फेरीतलं एकच नाव त्यांच्याकडे आलं. अर्ली म्हणजे नोव्हेंबर लागता लागता अर्ज करायचा, तोही एकाच ठिकाणी. डिसेंबरच्या मध्यावर निकाल. आणि घेतलं तर जायचंच, दुसरीकडे बघायचं नाही, अशी मुलाची आणि पालकांची सही आधीच. नाव एका मुलीचं होतं. तिची आई श्रवणयंत्रांच्या दुकानात कानांचे साचे घेते. ऐकू न येणाऱ्याच्या कानात मऊ लगदा भरून, तो घट्ट झाला की अलगद काढायचा, आणि त्यावरून यंत्राचा कानात बसणारा भाग बनवायचा.

मुलगी वेळेच्या थोडी आधीच आली. काखेत फाईल नाही, गळ्यात पदक नाही.

"सर म्हणू की काका?"

"सर. काका म्हटलंस तर वशिला लागल्यासारखं होईल."

ती हसली. हे खुर्चीत रेलले आणि सुरू झाले. पहिल्या हिवाळ्यातली ती सकाळ, खिडकी पांढरी बघून कुणीतरी बाहेरून चादर लावलीय असं वाटलेलं. वाचनालयातले हिरव्या काचेचे दिवे आणि रात्रभर त्यांच्याखाली वाकलेल्या माना. नदीवरच्या वल्हवणाऱ्या नावा. मुलगी मान किंचित कलती करून ऐकत होती. असं ऐकणारं पोर त्यांना याआधी मिळालं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी बर्फही जरा जास्तच पडला. बायको चहा घेऊन आली तेव्हा नदी गोठायच्या बेतात होती. तिला तो अंदाज बरोबर असे.

"सर," मुलीने कप हातात घेत विचारलं, "किती वेळ उरलाय?"

"आहे की भरपूर. वीसेक मिनिटं."

"त्यातली थोडी मला मिळतील का?"

बायको ट्रे घेऊन निघाली होती. ती दाराशीच थबकली.

"म्हणजे काय? बोल ना. तुझीच तर मुलाखत आहे."

"तेच म्हणत होते. राग मानू नका सर. तुमच्याकडे येऊन गेलेल्या मुलांचा एक ग्रुप आहे, मीही आहे त्यात. तुम्ही प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जाता आणि सांगता, तुझ्यासारखं हुशार पोर मी आजवर पाहिलं नाही, तसंच कळवणार आहे."

"मग? कळवतोच मी. माझ्या हातात असेल तेवढं चांगलं लिहितो."

"हो, सगळ्यांबद्दल लिहिता. आणि आजवर त्यातला एकही गेला नाही."

तिकडच्यांचा चहा हातातच राहिला. "अगं, तिथे भल्याभल्यांना घेत नाहीत. तो काय माझा दोष?"

"नाही. कदाचित ते तसेही गेले नसते. पण तिकडे ते कुणीतरी वाचत असेल ना? एकच माणूस दरवर्षी कळवतोय, आजवरचं सर्वोत्तम पोर. मी तिथे बसले असते तर दुसऱ्या वर्षापासून न वाचताच पान उलटलं असतं."

कारखान्यात असं कुणी बोललं असतं तर तिकडच्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं. इथे दार त्यांच्याच घराचं, आणि त्यात बायको उभी. त्यांनी दुसरीकडून चाल केली. "एवढी हुशार आहेस, मग अर्लीला भुललीस कशी? त्यात घेण्याचा टक्का मोठा दिसतो म्हणून?"

"दिसतो मोठा. पण त्यात खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, देणगी देणाऱ्यांची नातवंडं असतात. ती वजा केली आणि माझ्यासारखी बाहेरची, वर फी पण तुम्हीच भरा म्हणणारी घेतली, तर अर्ली काय आणि नंतरची फेरी काय, सारखंच. माझ्या गणिताने तर कमीच."

"मग कशाला एकाच ठिकाणी मान अडकवून घेतलीस?"

इतका वेळ पाढे म्हटल्यासारखी बोलणारी मुलगी इथे अडखळली. तिने कप खाली ठेवला.

"तिथे एक खोली आहे," ती म्हणाली. "सगळ्या भिंतींना, छताला, जमिनीलासुद्धा फोमचे त्रिकोण. आत आवाज केला की परत येतच नाही. दार लावलं की माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं म्हणतात. मी फक्त फोटो पाहिलाय. रोज बघते."

"तिकडे? आमच्याकडे?" तिकडचे चमकले. "अशी खोली नव्हती कुठे."

"होती सर. तुम्ही होतात तेव्हाही होती. तुम्ही आत्ता सांगितलंत त्या वसतिगृहाच्या मागची विटांची इमारत, तिच्या तळघरात."

चार वर्षं त्या इमारतीला वळसा घालून ते जेवायला गेले होते. ते आठवू लागले. विटा आठवल्या. विटांवरचा बर्फ आठवला. दार काही केल्या आठवेना.

"अहो," दारातून बायको म्हणाली, आवाज न चढवता, "झाकणाकडे जेवढं बघता तेवढं तरी बघा पोरीकडे."

आता विचारायला हवं होतं, आणि विचारायला त्यांच्याकडे एकही प्रश्न तयार नव्हता. इतक्या वर्षांत लागलाच नव्हता. शेवटी ते म्हणाले, "त्या खोलीत जाऊन तुला काय ऐकायचंय?"

"आईच्या दुकानात एक आजोबा येतात," ती सांगू लागली. "त्यांचं यंत्र तीनदा बदललं. साचा चपखल, मशीन उत्तम, तपासणीत सगळं ऐकू येतं. पण दर वेळी येऊन म्हणतात, हा माझ्या बायकोचा आवाज नाही. शब्द तिचे आहेत, आवाज तिचा नाही. आई म्हणते, होईल सवय. दुकानात सगळे हसतात. मला वाटतं ते खरं बोलतायत. मध्ये कुठेतरी काहीतरी गळतंय, आणि काय गळतंय ते कुणाला मोजता येत नाहीये. मला ते शोधायचंय."

"आणि आजी काय म्हणतात?"

हे बायकोने विचारलं. ती कधी आत येऊन बसली होती कुणास ठाऊक.

"आजी म्हणतात, चाळीस वर्षं ऐकत नव्हता तेव्हा तक्रार नव्हती."

बायको इतकी खळखळून हसली की तिकडचेही हसले, पण जरा उशिराने. मग मुलगी बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. वीस मिनिटं केव्हाच संपली. खोलीत अंधारून आलं तसं बायकोने उठून दिवा लावला आणि नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. एवढा वेळ गप्प, म्हणजे बरंबिरं नसेल, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

दाराशी मुलगी म्हणाली, "सर, ते नेहमीचं वाक्य नका लिहू. एक दोष लिहा माझा. खरा."

दोन दिवस तिचं हे म्हणणं त्यांच्या बोटाला झाकणाच्या पापुद्र्यासारखं लागत राहिलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, झाकणं फिरवायच्या यंत्राशेजारी बसून त्यांनी लिहिलं. दोष सापडायला वेळ लागला नाही: ही मुलगी समोरच्याची चूक वेळ न बघता तोंडावर सांगते. पण नुसतं एवढं लिहून भागत नव्हतं; पुराव्याशिवाय तेही 'सर्वोत्तम पोर'च्याच रांगेतलं. आणि पुरावा म्हणजे ते स्वतः. मग तेही लिहिलं: ती काय म्हणाली, ते खरं कसं होतं, आजवर आलेल्या मुलांना मी काहीच विचारलं नव्हतं, त्यांच्याबद्दल लिहिलेलं बिनकामाचं होतं. आणि ती बोलायला लागली तेव्हा मला काय ऐकू आलं.

संध्याकाळी त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं.

"हे गेलं की पुढच्या वर्षी कप यायचा नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कपाचं नाही म्हणत मी. हिवाळ्यात काय कराल?"

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली, मुलं बसायची त्या. "एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाही. मामंजी बरे झाल्यावर परत का नाही गेलात?"

"तोवर तू भेटली होतीस."

"म्हणजे तो सगळा बर्फ माझ्या खात्यावर मांडलाय होय."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. राहू दे." तिने फोन त्यांच्या हाताकडे सरकवला. "पाठवा. तुमचा हिवाळा पोरीच्या खात्यावर नको."

डिसेंबरच्या मध्यावर मुलीचा फोन आला. "सर, झालं. घेतलं. फी पण तेच भरणार."

काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "आई काय म्हणाली?"

"काही नाही. सही तिनेच केली होती ना. दुकानात गेली. गिऱ्हाईक थांबलं होतं." मग, हळू, "काल माझ्या कानांचा साचा घेतला तिने. दोन्ही. कशाला विचारलं तर म्हणाली, असू दे घरात."

जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मनःपूर्वक आभार. यापुढे तुमच्या भागातल्या मुलाखती आमची माणसं पडद्यावरून घेतील. त्यांच्या लिहिण्यामुळे की आणखी कशामुळे, ते त्यात नव्हतं. कप आला नाही.

त्याच आठवड्यात ते गोळ्या आणायला गेले. काउंटरवरच्या तरुणाने पट्टी कापता कापता विचारलं, "सर, गोठली का नदी?"

गोठली होती. सकाळीच त्यांनी फोनवर पाहिलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघताना त्यांना पहिल्यांदाच दिसलं, की हा आपल्याला बरं वाटावं म्हणून विचारत नाही. याला खरंच जाणून घ्यायचंय.

"एक सांग," ते म्हणाले. "तू तेव्हा अर्ज केलास, तो काय शिकायला? मी तुला विचारलंच नव्हतं."

तो कात्री हातात धरून विचार करत राहिला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली.

"होतं काहीतरी सर," तो हसला. "आता नाही बुवा आठवत. बर्फच आठवतो."

त्यांनी गोळ्या घेतल्या आणि बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. मुलीला तिची खोली मिळाली. तिच्या आईने तिच्या बदल्यात घरात दोन कान ठेवून घेतले. बायकोने, काही न घेता, एका देशाएवढा बर्फ स्वतःच्या नावावर वागवला. त्यांचा स्वतःचा हिवाळ्यातला तास गेला, तो तसा स्वस्तातच गेला. पण त्या तासाची खरी किंमत आत काउंटरपलीकडे उभा असलेला तो पोरगा गेली सहा वर्षं भरत होता, दर हिवाळ्यात, कधीही न पाहिलेल्या नदीपायी. आणि त्याच्यासारखे आणखी किती, कुठकुठल्या काउंटरांमागे, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.