आत्याचं दुखणं

सत्त्याण्णव साली भामाबाईच्या पोटात पाणी झालं, तेव्हा तिची भाची प्रज्ञा तिला पुण्याला दाखवायला घेऊन गेली. प्रज्ञा सोनईच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीची, दोन मुलांची आई. डॉक्टरीणबाईंनी अंडाशयाचा कॅन्सर सांगितला आणि घरात आणखी कुणाला झाला होता का, म्हणून विचारलं. भामाबाईची थोरली बहीण मुक्ताबाई अशीच पोट फुगून गेली होती. त्यांची आईही तशीच गेली, हे भामाबाईनं आठवून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मग प्रज्ञाकडे मोहरा वळवला. काही घराण्यांत हा दोष पिढीजात उतरतो, त्या म्हणाल्या. प्रज्ञानं सांगितलं, आपल्या आईकडे कुणाला काही नाही, या तर वडिलांच्या बहिणी.

"बापाकडूनही येतो," बाई म्हणाल्या. "पुरुषाला अंडाशय नसतं, म्हणून त्याच्यात तो दिसत नाही. मुलीला मात्र तो देऊ शकतो."

प्रज्ञाकडे तो आलाय की नाही, हे सांगणारी तपासणी इथं अजून होत नव्हती. नुसत्या सोनोग्राफीवर भरवसा ठेवता येत नव्हता. मुलं झालेली असतील तर अंडाशयं आधीच काढून टाकता येतात. धोका पुरता जात नाही, पण पुष्कळ कमी होतो.

परतीच्या एसटीत भामाबाई म्हणाली, "म्या अंगावर काढलं. तू काढू नको."

प्रज्ञाचं तोवर ठरलंही होतं. धडधाकट बाईनं ऑपरेशन कशाला, असं तिचा नवरा सहादेव म्हणाला. तिनं त्याला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. येताना तोच रजा कधी टाकायची ते विचारत होता.

खरी पंचाईत वडिलांना, कारभारींना, सांगायची होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माझ्याकडनं आलं व्हय तुला?"

"आलंय का नाही तेच ठाऊक नाही, आण्णा. आलं असेल तर तुम्हाला आजीकडून आलं. तुमच्या हातात काय होतं?"

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. सकाळी उठून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि खर्ड्याची गाडी धरली. मुक्ताबाईची मुलगी वृषाली तिथं दिलेली होती.

वृषालीनं मामाला जेवू घातलं, पण दवाखान्याचं नाव काढताच ती उठून गेली. आईचे हाल तिनं बघितले होते. तिला त्यातलं काही पुन्हा ऐकायचं नव्हतं. कारभारींनी ओसरीवर मुक्काम ठोकला. तिला शेंगा फोडू लागायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि फिरून तिथंच यायचे. शेवटी ती वैतागली.

"मामा, तुमी जानार कदी?"

"तू संगं आलीस की."

ती आली.

दोघींचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. प्रज्ञाच्या रिपोर्टात काही निघालं नाही. वृषालीच्या डाव्या अंडाशयात हरभऱ्याएवढी गाठ निघाली, कॅन्सरचीच, पण कुठं पसरलेली नव्हती. औषधोपचार होऊन ती खर्ड्याला परतली. भामाबाई त्या दिवाळीनंतर गेली. दोघी भाच्या शेवटपर्यंत तिच्या उशाशी होत्या.

अंडाशयं काढल्यानं प्रज्ञाची पाळी एकाएकी थांबली आणि ऐन थंडीत तिला घाम फुटू लागला. मग ती खिडकीशी उभं राहून शिकवायची. गावातल्या बायका काय झालं म्हणून दबकत विचारायच्या. ती नेहमीच्या आवाजात, सगळं सांगायची.