दवाखान्याचे उत्पादन

मित्रांनो, दवाखान्याच्या दारात ज्याचे बटण दाबून तुम्ही नंबराची चिठ्ठी घेता, त्या डब्याकडे कधी नीट पाहिले आहे का? मी तसाच एक जुना डबा आहे, कडेने गंजलेला. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर हायवेई नावाचे कालवांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, गाव आहे. तिथल्या डॉक्टर त्सेंग यांच्या दवाखान्यात मी आयुष्य काढले.

माझी भावंडे कारखान्यातून थेट बँकांत गेली. मला खोकणाऱ्यांची सेवा मिळाली. पण सुरुवातीला माझे कौतुक फार झाले. पूर्वी लोक रांगेत चपला ठेवून बाहेर गप्पा मारायचे आणि मग चपलांवरून भांडायचे. मी आलो आणि भांडणे मिटली. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. नर्स मेइ-चू माझ्या डोक्यावर चहाचा पेला ठेवू लागली.

एका उन्हाळ्यात जिल्हा कचेरीतून यु-फेन नावाची तरुण बाई आली. माणसे तपासून घेऊन लगेच घरी जातात अशा सगळ्या दवाखान्यांतून जिल्ह्याचे किती उत्पादन होते, ते तिला मोजायचे होते.

"इथे काय पिकतं गं पोरी?" लिआउआजींनी विचारले. कालवे सोलून झाली की त्या गारव्याला इथे येऊन बसायच्या.

"तपासणी, आजी. डॉक्टरांचं काम हेच उत्पादन. त्याची किंमत काढायची."

"म्हणजे आम्ही आजारी पडलो की जिल्हा श्रीमंत?"

यु-फेन घुटमळली. "कागदावर... हो."

"आणि बरे झालो की?"

"तेवढं घटतं."

"मग हा डॉक्टर जिल्हा बुडवायलाच बसलाय," आजी म्हणाल्या.

डॉक्टर त्सेंगांनी मान खाली घातली. निम्म्या लोकांना ते औषधच देत नसत. मीठ कमी खा, झोप काढ, असे सांगून परत पाठवत. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. उत्पादन कमी निघाले, तर दर गुरुवारी शहरातून येणारे डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला मिळणार होते. आणि आजींचा मोतीबिंदू आता पिकला होता.

यु-फेनने सोपा मार्ग काढला. जेवढे नंबर मी देईन, तेवढ्या तपासण्या धरायच्या. "पुढच्या सोमवारी आकडा न्यायला येते," असे ती सगळ्यांसमक्ष सांगून गेली. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्यावर तुटून पडले. कालवे विकणाऱ्या बायका आल्या, देवळातले ढोलवाले आले. एका आजोबांनी तर छत्रीच्या टोकाने बटण दाबले. आजी दारात उभ्या राहून सांगत होत्या, "दाबा रे, माझ्या डोळ्यासाठी दाबा." माझे अंग तापले, कागद संपला, बटण आत जाऊन बसले. मेइ-चूने वर मला दोन थपडा दिल्या.

सोमवारी यु-फेनने आकडा पाहिला. "गावात राहतात त्यापेक्षा जास्त माणसं आजारी पडली?"

"साथ आलीय," आजी म्हणाल्या.

"कसली?"

"बटणाची," मेइ-चू म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे सगळं खोडा, बाई. माझ्या नावावर खोट्या तपासण्या लागल्या तर दवाखानाच बंद होईल."

आजींना हे सुचलेच नव्हते. यु-फेनने वर कळवले असते तर सगळेच संपले असते. पण तिने आकडा खोडला, माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि आठवडाभर प्रत्येकाला विचारले, "काय होतंय? कुठून आलात?"

"नदीपलीकडून," बरेच जण म्हणाले. नदीपलीकडे दुसरा जिल्हा लागतो. तिथला दवाखाना केव्हाच बंद पडला होता.

यु-फेन ताठ बसली. "आमची कचेरी माणूस राहतो तिथल्या नावावर तपासणी मांडते. म्हणजे काम तुमचं आणि जमा त्यांच्याकडे. ही तर तुमची निर्यात आहे, डॉक्टर."

"कालवांसारखी?" आजींनी विचारले.

"तशीच."

नदीपलीकडच्या तपासण्या तिने इथेच धरल्या आणि खरी मोजणी पुरेशी निघाली. डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी येतच राहिले.

माझे बटण मात्र पुन्हा वर आले नाही. आता लोक फोनवरूनच नंबर लावतात आणि मी जिन्याखाली असतो. परवा शस्त्रक्रिया होऊन लिआउआजी आल्या. त्यांनी मला बराच वेळ निरखले.

"मेइ-चू, हा डबा पहिल्यापासून इतका कळकट आहे?"

"पहिल्यापासून, आजी. तुम्हाला दिसत नव्हता."

आजींनी कमरेचा एप्रन सोडला आणि मला खसाखसा पुसले. तेव्हापासून मला कालवांचा वास येतो, पण माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, आमच्या कामाची मोजदाद तुम्ही जरूर करा. फक्त अधूनमधून एखादे फडकेही फिरवत जा.