दोन बारकी शिखरं

लोखंडाच्या नायट्राइडमध्ये लोखंडाचे अणू शिस्तीत उभे असतात आणि नायट्रोजनचे त्यांच्या मधल्या फटींत शिरतात. आता ते वाट्टेल तिथे घुसतात की रांगेने, ठराविक फटी रिकाम्या सोडून बसतात, यावरच माझा पीएच.डी.चा सगळा प्रबंध उभा. रांगेने बसले तर क्ष-किरणांच्या आलेखात दोन जादा, बारकी शिखरं दिसतात. मला ती दिसली होती.

तोंडी परीक्षेच्या ऐन दुपारी परीक्षकबाईंनी चहा पिता पिता सहज विचारलं, नायट्राइडची पूड क्ष-किरण यंत्राच्या थाळीत कशाने बसवलीस? मी म्हटलं, मुलांच्या खेळण्यातल्या मातीने.

"त्या मातीचीही शिखरं येतात हं. नुसती माती कधी तपासलीस?"

नव्हती तपासली. त्यासाठी मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या किती मागे लागले होते. नसते चोचले पुरवायला यंत्र रिकामं नाही, म्हणाले.

आत्ता बघून ये, आम्ही थांबतो, असं बाई म्हणाल्या. मी प्रयोगशाळेत जाऊन नुसत्या मातीची थाळी यंत्रात सरकवली. पडद्यावर रेघ मुंगीच्या पावलांनी निघाली. त्याच जागी शिखर उगवलं तर प्रबंध गेला, हातातोंडाशी आलेली नोकरीही गेली. आणि आई तर शेजारीपाजारी 'आमची डॉक्टरीण' म्हणून सांगत सुटलेली. मी खुर्ची पडद्यासमोर ओढून बसले.

तेवढ्यात दाराबाहेर सरांचा आवाज आला. विभागप्रमुखांना फोनवर सांगत होते, मातीचा उद्योग पोरीने परस्पर केला, माझा काही संबंध नाही. धडधडीत खोटं. तो मातीचा गोळा त्यांनीच नातवाच्या खेळण्यांतून आणून दिला होता. रागाने डोळे भरून आले, पण नजर रेघेवरून हलेना.

पहिली जागा आली. रेघ सपाट. दुसरी आली, तीही सपाट. मातीची शिखरं उगवली ती पुढे, भलतीकडेच. माझी दोन्ही नायट्रोजनचीच होती. मी तोंडावर हात धरून रडले.

सर हात चोळत आत आले, पडद्यावर डोकावले. मी म्हणत नव्हतो का, आपलं काम पक्कं आहे, चल, मीच बाईंना आलेख दाखवतो, असं म्हणत पुढे निघालेसुद्धा.

"सर," मी म्हटलं, "या कामाशी तुमचा संबंध नाही ना? मग मी एकटीच जाते."

ते दारातच थबकले. मी आलेख उचलला आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडून परीक्षेच्या खोलीत गेले.