खोपीतले पाच भाऊ

"तुज्यामुळं झालं हे समदं. त्याला बस म्हणायची काय गरज व्हती?" पुरुषोत्तमनं कुदळ चिखलात हाणली. लेस्टरशायरची चिकणमाती ती. एकदा गिळलेली कुदळ परत द्यायला तयार होईना.

"मग? येळवशीच्या दिशी रानात आलेलं माणूस उपाशी धाडायचं व्हतं का?" सुचेताबाई केलच्या भाजीची पानं खुडत म्हणाल्या. "आन् दुसऱ्यांदा भज्जी कुणी वाढली त्याला? मी का तुमी?"

पुरुषोत्तम पुन्हा कुदळ उपसू लागला. दुसऱ्यांदा त्यानंच वाढली होती. वर "लाजू नगा" असं इंग्रजीतून म्हणालाही होता.

लेस्टरहून येणारी बस जिथं वळसा घेऊन परत फिरते तिथं हॅगथॉर्प हे गाव. गावामागं कौन्सिलची जमीन. तिचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्यानं दिलेले. पुरुषोत्तम मूळचा औशाकडचा. सारी हयात लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात गेली, पण धंदा विचारला की तो छाती काढून "शेती" सांगायचा. शेत एवढंसं, की मधोमध उभं राहून शिंकलं तर चारी बांधांवरून "ब्लेस यू" यायचं. शेजारच्या ब्रायनशी बांधावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा कुठं हे खरंच शेत असल्याची त्याची खात्री पटली. तेव्हापासून ब्रायन जिगरी दोस्त.

आणि आता ते शेतच जायची पाळी आली होती. कौन्सिलला तिथं गाड्यांचा तळ करायचा होता. शेतकऱ्यांनी मोर्चा काढला, कौन्सिलच्या दारात घसा बसेस्तोवर ओरडले. कौन्सिलनं उत्तर दिलं नाही, हुकूम काढला. शांतताभंग होतो म्हणून यापुढं शेतांत एका वेळी एका तुकड्यात पाचांहून जास्त माणसांनी जमायचं नाही. जमतील त्यांना दंड, आणि दंड भरणाऱ्याचं शेत काढून घेणार.

"म्हंजी चिडीचूप बसून वांगी लावा," ब्रायन तेव्हा म्हणाला होता. तो म्हणाला इंग्रजीत, पण अर्थ असाच.

मग जानेवारीत वेळ अमावास्या आली. औशाकडं त्या दिवशी सारं गाव रानात जातं. ज्वारीच्या धांडांची खोपी करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून आत बसवायचे, खोपीला शाल पांघरायची, मग बाजरीचे उंडे, भज्जी आणि आंबील. रानात आलेला कुणीही जेवल्याशिवाय जाता कामा नये. पुरुषोत्तमनं मक्याच्या वाळल्या धांडांची खोपी केली. पाऊस लागेल म्हणून शालीऐवजी मोर्चातला बॅनर पांघरला, कारण अख्ख्या घरात भिजत नाही असं तेवढंच कापड होतं. माणसंही हुकमाप्रमाणं मोजून पाच: नवरा-बायको, स्लाऊहून भल्या पहाटे निघालेला दोस्त शशिकांत, ब्रायन आणि त्याची बायको मॉरीन.

आंबिलीचा पहिला घोट घेतला न घेतला तोच पिवळं जाकीट घातलेला कौन्सिलचा केव्हिन चिखल तुडवत आला. छातीवर कॅमेरा, नाक थंडीनं लाल. बॅनर बघून त्याचं मस्तक फिरलं.

"या झोपडीत कोण आहे?"

पुरुषोत्तम तोंडातला उंडा गिळेपर्यंत ब्रायननं उत्तर दिलं. गेली कित्येक वर्षं तो येळवस जेवत होता आणि आपल्याला सगळं समजतं याचा त्याला भारी अभिमान.

"पाच भाऊ आहेत," तो म्हणाला. "फार जुनं घराणं. जमिनीवरनं भावकीत लई मोठी मारामारी झाली त्यांची."

"बिचारे कित्येक वर्षं रानोमाळ भटकत होते," मॉरीननं हळहळून भर घातली.

केव्हिन लिहू लागला. मग खोपीसमोर उभा राहून खडसावून म्हणाला, "बाहेर या!"

कुणी आलं नाही.

"काय लिहायलाय त्यो?" सुचेताबाईंनी विचारलं.

"भाऊ सहकार्य करीत न्हाईत म्हून," शशिकांत वाकून वाचत म्हणाला. "वैनी, थंडीनं गारठलंय बगा लेकरू. वाढा त्याला."

आणि सुचेताबाईंनी वाढलं. केव्हिन आधी नको म्हणाला. मग वास गेला नाकात. चुका, कांद्याच्या पातीऐवजी लीक, शेंगा, चिंच घालून घोटलेली ती भज्जी. उकिडवा बसून त्यानं दोन वेळा घेतली, थाळी लख्ख पुसली, "लव्हली" म्हणाला आणि दंडाचा कागद फाडून दिला. पुरुषोत्तमनं तो भरायला नकार दिला, म्हणून उद्या लेस्टरच्या कोर्टात उभं राहायचं होतं.

संध्याकाळी नात आली. अन्वी लेस्टरातच वकिली करायची. कायदा तिचा पक्का, मराठीचं लिंग मात्र कधी कुठं घसरेल सांगता येत नसे.

"आजोबा, उद्या विचारतील तेवढाच उत्तर द्या. नो स्टोरीज. आणि आजी, तुम्ही काहीच नको बोलू. हा फक्त तुमचा शेत नाही. लोकांनी एकत्र जमायचं की नाही, हे कौन्सिल ठरवू शकत नाही. ते राइट आहे आपला."

"मग राइट हाय म्हून सांग की त्यास्नी. आमी कशाला यायचं?"

"आजोबा!"

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तम लग्नातला कोट घालून निघाला. हातात जड पिशवी. कोर्टाच्या दारातल्या सिक्युरिटीवाल्यानं पिशवीत हात घातला, एक एक दगड बाहेर काढला आणि सगळे ठेवून घेतले.

आत बेंचवर तिघं न्यायाधीश बसलेले. मधल्या बाई चष्म्यावरून बघायच्या. केव्हिनचा अहवाल वाचून झाल्यावर कौन्सिलचा वकील उठला.

"बाहेर पाच आणि झोपडीत पाच, एकूण दहा जण होते. मिस्टर पुरुषोत्तम, ते पाच भाऊ आज कुठं आहेत?"

"खाली, दारात," पुरुषोत्तम म्हणाला. विचारलं तेवढंच.

"मग ते आत का येत नाहीत?"

"आणले होते. सिक्युरिटीनं सोडलं नाही."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "साक्षीदारांना दारात अडवलं? ताबडतोब वर आणा."

शिपाई गेला. कोर्ट वाट बघत बसलं. शशिकांत मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून बसला होता. जरा वेळानं दार उघडलं आणि चहाच्या ट्रेमध्ये पाच पांढरे दगड घेऊन शिपाई आत आला. चेहरा असा, की नोकरीत बरंच पाहिलं, पण हे नाही.

"हे भाऊ?" बाईंनी विचारलं.

"होय. थोरला डावीकडचा."

बाईंनी पाचांकडं पाहिलं, केव्हिनकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं. केव्हिनचं नाक पुन्हा लाल झालं.

पण कौन्सिलचा वकील सहजासहजी मुंडी टाकणारा नव्हता. "दगड वगळा," तो म्हणाला. "थाळ्या पाहा." कॅमेऱ्यातलं चित्र भिंतीवर आलं. ताडपत्रीवर उष्ट्या थाळ्या सहा. "थाळ्या सहा म्हणजे जेवणारे सहा. हुकूम पाचांचा. गुन्हा सिद्ध होतो."

पुरुषोत्तम मनात हिशोब करू लागला. शेत गेलं. लसूण गेला, ब्रायनशी भांडायचा बांध गेला. त्यानं बायकोकडं बघितलं. सुचेताबाई मात्र भिंतीवरच्या चित्राकडं टक लावून बघत होत्या.

"थाळ्या तुम्ही स्वतः मोजल्या?" अन्वीनं केव्हिनला विचारलं.

"हो. नीट मोजल्या."

अन्वी पुढचा प्रश्न विचारणार, तोच मागून सुचेताबाईंची खणखणीत मराठी आली.

"अगं, ती कडंची चाटूनपुसून लख्ख केल्याली हाय ना, ती त्येचीच!"

"सायलेन्स!" शिपाई ओरडला.

अन्वीनं डोळे मिटले, उघडले आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "सगळ्यात स्वच्छ थाळी कुणाची, सांगाल?"

केव्हिननं वकिलाकडं बघितलं. वकील छताकडं बघत होता. केव्हिन तसा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"माझी," तो म्हणाला. "फार छान होतं ते."

तिघांनी डोकी जवळ आणली. मग बाई म्हणाल्या की पाचांचे सहा कौन्सिलनंच केले, तेव्हा आरोपी निर्दोष. शिवाय शेजाऱ्यांनी आपल्या रानात बसून जेवणं, बोलणं, गाऱ्हाणं मांडणं यात कुणाची शांतता भंगते, हे कौन्सिलला अजिबात दाखवता आलेलं नाही. शेवटी भावांनाही जायची परवानगी मिळाली.

बाहेर ब्रायननं पुरुषोत्तमला मिठी मारली. "आजोबा, हुकूम अजून आहे हं," अन्वी म्हणाली. "तो रद्द करायला हायकोर्ट लागेल. तोपर्यंत पाच म्हणजे पाचच."

"पाचच," पुरुषोत्तम म्हणाला. तो कायदा पाळणारा माणूस.

त्यानंतरच्या रविवारी हॅगथॉर्पच्या रानात माणूस मावेना. प्रत्येक तुकड्यात मोजून पाच. कडेपर्यंत पाचापाचांची रांग लागली, आणि बांधाबांधावरून गाड्यांच्या तळाविरुद्धची सभा चालली. एकानं मुद्दा मांडायचा, शेजारच्या पाचांनी तो पुढं ओरडायचा. शेवटच्या तुकड्यापर्यंत जाता जाता मुद्दा बराच तिखट व्हायचा.

फाटकात केव्हिन उभा. जाकीट पिवळं, तोंड उतरलेलं. जिकडं पाऊल टाकावं तिकडं सहावा तोच होणार. वाऱ्यावर भज्जीचा वास फाटकापर्यंत येत होता आणि केव्हिन पुन्हा पुन्हा जागेवरच पाय बदलत होता.

सुचेताबाईंनी त्याला बघितलं. भज्जी वाढायचा डाव ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या.

"अगं, कुठं चाललीस?" पुरुषोत्तम ओरडला.

"तुमी चारच हाव आता," त्या केव्हिनला आत ढकलत म्हणाल्या. "वाढा त्याला. आन् ते जाकीट काढ म्हणावं, जेवायला बसताना."