आईच्या नावावर

अल्बम एकूण नऊ. त्यातले चार काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे. ते निमूट सुटले. उरलेले पाच चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पडदा. हे ज्याने कुणी बनवले त्याला, फोटो कधी बाहेरही काढावे लागतील, असं स्वप्नातसुद्धा आलं नसावं. मावशीने दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखाली सरकवून, करवतीसारखा मागेपुढे ओढत, एकेक फोटो सोडवला. घाई केली की कोपरा फाटतो, म्हणून एका सकाळी पंधरा, फार तर वीस. मग मऊ फडक्याने पुसायचा, स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं आणि उजेडाची पट्टी या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत हात गुडघ्यावर ठेवून बसायचं. अकराशे सव्वीस फोटो. तीन महिने लागले.

तिला घरीदारी सगळे मावशीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. वय अडुसष्ट. शहराच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली. लेखकाच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी तिला अन्न गोड लागत नसे. त्यामुळे वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी घरातले सगळे फोटो कॉम्प्युटरवर आणायचं मुलाने ठरवलं, तेव्हा काम कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायची गरजच नव्हती. "मावशी, तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" असं तो फोनवर म्हणाला. हे वाक्य या घरात ती चव्वेचाळीस वर्षं ऐकत होती आणि दर वेळी फसत होती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तिची ताई साध्या तापाने पाच दिवसांत गेली. मागे नवरा, चार वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी. मावशी तेव्हा चोवीस वर्षांची. पंधरा दिवसांसाठी म्हणून एक बॅग भरून ती मुलं सांभाळायला आली. वर्षभराने ताईच्या नवऱ्याने, ज्याला ती तोवर भावोजी म्हणायची, तिला लग्नाचं विचारलं. मुलं तिच्या अंगाखांद्याला चिकटली होती, ती हो म्हणाली. मुलांनी तिला मावशीच म्हणावं, असं तेव्हा ठरलं. त्यांना त्यांची आई विसरायला नको. ते तिलाही पटलं होतं. स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही, हेही ठरलं. हे नक्की कुणी ठरवलं ते तिला आज सांगता येणार नाही. तिने ठरवलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

स्कॅन झालेले फोटो इंटरनेटवर एका सामायिक संग्रहात जात होते. मुलगा दुसऱ्या शहरातून ते बघायचा आणि चेहऱ्यांना नावं द्यायचा. म्हणजे चेहरे कॉम्प्युटरच ओळखायचा. हे आणि ते माणूस एकच का, एवढंच विचारायचा, आणि मुलगा ऑफिसातून घरी येता येता हो, हो करत जायचा. शेवटचा अल्बम संपला त्या दिवशी मावशीने हौसेने नावांची यादी उघडली. आधी 'बाबा'. मग 'आई'.

'आई' या नावाखाली तीनशे त्र्याऐंशी फोटो होते.

ताईचे फोटो एवढे कुठून येणार? तिचं आयुष्यच अठ्ठावीस वर्षांचं. मावशी चष्मा पुसून एकेक बघू लागली. नवी नवरी ताई. पोटुशी ताई. मुलाला मांडीवर घेतलेली ताई. आणि मग, मध्ये रेघसुद्धा न ओढता, मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली मावशी. मोडलेला हात गळ्यात अडकवलेली मावशी. ग्रंथालयातून निवृत्त होताना हातात फुलं घेतलेली, केस पिकलेली मावशी. सगळ्यांच्या खाली एकच शब्द, आई. बहिणी-बहिणी एकमेकींसारख्या दिसायच्याच. कॉम्प्युटरला तो फरक कळला नव्हता. तीन फोटोंत दोघी शेजारी शेजारी होत्या. तिथे त्याचीही पंचाईत झाली असावी, कारण ताईखाली 'आई' होतं आणि मावशीखाली 'अनोळखी'.

तिने यादीत 'मावशी' शोधलं. काहीही सापडलं नाही.

तिने लगेच मुलाला फोन लावला. "अरे, तुझ्या हातून घोटाळा झालाय. मी आणि ताई एकत्र झालोय."

"आलं माझ्या लक्षात," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात. पण राहू दे ना मावशी. मी त्याचीच फिल्म करतोय, 'आई-बाबा: पन्नास वर्षं'. ते दोघं असलेले फोटो कॉम्प्युटर आपोआप ओळीने लावतो, संग्रहात बदल केला की फिल्मही आपोआप बदलते. इतकी सलग झालीय म्हणून सांगू!"

"पण ती दोन माणसं आहेत."

"अगं, मध्येच बाई बदलली की पाहुणे विचारणार, ही कोण? मग आई कशी गेली ते सांगत बसा, तेही बाबांच्या वाढदिवसाला. तूच सांग, बरं दिसेल का?"

मध्येच बाई बदलली. मावशीने फोन ठेवला आणि बराच वेळ त्या तीन शब्दांपाशीच बसून राहिली. या मुलाला तिने बूट घालायला शिकवलं होतं. त्याच्या गोवराच्या वेळी रजा संपल्या म्हणून बिनपगारी घरी राहिली होती. तिला राग आला, आणि राग आल्याची तिला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती परदेशात असते, वाढदिवसाला येऊ शकणार नव्हती. आवाज रडून बसलेला. "मावशी, दादाने फिल्म पाठवली. मी चार वेळा बघितली. आई म्हातारी झालेली कशी दिसली असती, ते मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं गं."

"ती मी आहे, बाळा."

मुलगी म्हणाली, "मला माहीत नाही का? पण नऊ मिनिटांची तर फिल्म. तेवढा वेळ तरी राहू दे ना. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय! मुलगी वाईट नव्हती. दोघंही वाईट नव्हती, तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर मावशीला कडाकडा भांडता आलं असतं. आईविना वाढलेल्या मुलांना आई हवीच असणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनेच तर ताईचा फोटो रोज पुसून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. पण चव्वेचाळीस वर्षांत ज्या चेहऱ्याला कुणी एकदाही आई म्हटलं नाही, त्याला आज म्हणत होते, तेही दुसरीचा समजून. हे तिला गिळवेना.

तिने पुन्हा कामाला हात घातला. आठ दिवस रोज सकाळी बसून तिने एकेक फोटो वेगळा केला. ताई एकाहत्तर, आपण तीनशे अकरा. नवं नाव देताना 'मावशी' लिहायला गेलेली बोटं थांबली आणि तिने स्वतःचं नाव टाइप केलं, ग्रंथालयाच्या हजेरीपटावर असायचं ते. फक्त एक फोटो राहिला. खिडकीशी पाठमोरी वळलेली बाई, चेहरा अर्धाच आणि हललेला, अंगात निळा कोट. तो कोट आधी ताईचा होता, नंतर कपाटात नुसता लटकतोय म्हणून मावशी वापरू लागली. खोलीत ना मूल, ना कॅलेंडर, ना काही खूण. तिची स्वतःचीच मती गुंग झाली.

फोटो नवऱ्याने काढला होता. तो वजनमापे निरीक्षक होता. दुकानदाराच्या तराजूतला दहा ग्रॅमचा फरक लांबून ओळखायचा म्हणून बाजारात त्याचा दरारा होता. मावशीने फोटो त्याच्या हातात दिला. "अहो, ही ताई की मी?"

त्याने चष्मा वर केला, खाली केला, फोटो उजेडात धरला. "काय सांगू? दोघींपैकी कुणीतरी."

"तुम्हीच काढलाय की."

"अगं, तेव्हाही मागून बघितलं तर कळायचं नाही," तो हसत म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, तो काहीतरी गोड बोलतोय. "म्हणून तर तुला लग्नाचं विचारायचं धाडस झालं. वाटलं, घरात तीच वावरतेय. फार जड गेलं नाही मग मला."

त्याला जड गेलं नव्हतं. तिने फोटो परत घेतला आणि तो कुणाच्याच नावावर टाकला नाही.

वाढदिवस दुपारी चार वाजता, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. पन्नासेक खुर्च्या, शेजारपाजार, नवऱ्याच्या ऑफिसातले उरलेसुरले दोस्त. मुलगा त्याच सकाळी पोहोचला होता. त्याने प्रोजेक्टर लावला, पडदे ओढले. फिल्म इंटरनेटवरून सरळ भिंतीवर उमटली. ताई आणि तो, नवे नवे. ताई आणि तो, मोडक्या मोटारसायकलवर. बाळ. दुसरं बाळ. दारात ताई, कडेवर मुलगी, शेजारी तो.

आणि भिंत पांढरी झाली. दोन मिनिटंही झाली नव्हती.

लोकांना वाटलं, वीज गेली. कुणीतरी दोन टाळ्या वाजवून थांबलं. पहिल्या रांगेतून नवऱ्याने विचारलं, "एवढंच?"

"थांबा, थांबा, काहीतरी गडबड झालीय." मुलाने घाईघाईने नावांची यादी उघडली, तीही सगळ्यांसमोर भिंतीवरच. 'आई'खाली एकाहत्तर. त्याच्याखाली एक नवं नाव, तीनशे अकरा. ते नाव वाचून क्षणभर त्यालाही उलगडा होईना. मग त्याने मान वळवली. "मावशी! तू तुझे बाजूला काढलेस होय? अगं, फिल्म आई-बाबांची आहे. तू वेगळी झालीस की तू त्यात येणारच नाहीस ना!"

हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, वेगळं नाव दिलं की फिल्ममध्ये आधी ताई दिसेल, मग ती दिसेल. पन्नास माणसांत तिचं तोंड एवढंसं झालं.

"दोन सेकंदांचं काम आहे," मुलगा म्हणाला. त्याने दोन्ही चेहरे निवडले, आणि भिंतभर अक्षरांत प्रश्न आला: ही एकच व्यक्ती आहे का?

"नाही म्हण," मावशी म्हणाली. हळू म्हणाली, पण हॉलमध्ये कुणीच बोलत नव्हतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "आधी ताईचे लाव, मग माझे लाव. वेळ लागू दे. पण नाही म्हण."

मुलाचा हात थांबला. तिला त्याच्या चेहऱ्यावर तो चार वर्षांचा असतानाचा गोंधळ दिसला, आणि एक क्षण वाटलं, हा ऐकणार. मग त्याने सवयीने वडिलांकडे पाहिलं.

नवरा मागच्या रांगांकडे बघून कसनुसं हसला. "हो म्हणून टाक रे. लोक ताटकळलेत."

मुलाने हो म्हटलं.

नऊ मिनिटं फिल्म चालली. ताई दारातून निघाली ती शाळेच्या फाटकापाशी पोहोचली, तिचा हात मोडला, तिचे केस पिकले. मागे कुणीतरी नाक ओढत होतं. मावशी जागची हलली नाही. उठून गेलं तर रुसली म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. दिवे लागले, टाळ्या कडाडल्या, आणि वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या बाई तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "पन्नास वर्षांचा संसार! दृष्ट लागेल हो."

नवऱ्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. खूश होता. "बघ, किती छान झालं. उगाच जिवाला लावून घेतलंस."

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हो, भावोजी," ती म्हणाली, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "ताईचं फार छान झालं."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिचे हात सोडले आणि एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मुलगा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता, तो गुंडाळायचा थांबला. मावशी उठली आणि लोकांना चहा मिळाला की नाही ते बघायला गेली.